चांगानानांची मोजणी

चांगानाना 'एक' हा आकडा कधी तोंडातून काढत नसत. मोजायला सुरुवात केली की पहिला आकडा 'लाभ', मग दोन, तीन, चार. भात मापताना जुनी माणसं असंच म्हणतात, पण नाना एसटीच्या रांगेतली डोकी मोजतानाही 'लाभ' म्हणत आणि माझ्या कॉम्प्युटर क्लासचा जिना चढतानाही. पायऱ्या सतरा होत्या. हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी सहा वर्षं तो जिना चढत होतो, पण कुणी विचारलं असतं तर 'असतील पंधरा-वीस' म्हणालो असतो. माझं सगळं शिक्षणच पंधरा-वीस ह्या मापाचं.

नानांनी पेणच्या खाडीकडच्या एका मिठागरावर चाळीस वर्षं मोजणीचं काम केलं होतं. बायका वाफ्यांतलं मीठ पाट्यांत भरून डोक्यावरून आणत आणि ढिगावर रिकामं करत. पाटी पडली की नाना वहीत एक रेघ ओढत आणि त्या बाईच्या तळहातावर एक चिंचोका ठेवत. शनिवारी ज्या बाईकडे जितके चिंचोके, तितकी मजुरी. सकाळी थैलीत किती चिंचोके भरले ते लिहिलेलं असे. संध्याकाळी उरलेले मोजायचे, आणि वाटलेले चिंचोके व वहीतल्या रेघा जुळवायच्या. चाळीस वर्षांत एकच दिवस ते जुळले नाहीत. त्या दिवशी मी तिथे होतो.

मी तेव्हा नवा कॅमेरा घेतला होता, आणि नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाला जगात आपण सोडून सगळे रिकामटेकडे आहेत असं वाटत असतं. मिठागराचा तो शेवटचा हंगाम आहे असं ऐकून मी बांधावर जाऊन उभा राहिलो. बायकांची रांग चालली होती, पांढरा ढीग चमकत होता, आणि ढिगापाशी छत्री काखेत धरून एक उंच, काळा, वाळका म्हातारा पाठमोरा उभा होता. पाठमोरा कसा चालेल? मी ओरडलो, "ओ काका, इकडे बघा!" त्यांनी बघितलं. मी फोटो काढला, मान हलवून 'छान' म्हणालो आणि स्टँडवर जाऊन मिसळ खाल्ली.

त्या संध्याकाळी नानांच्या थैलीत एक चिंचोका जास्त उरला.

हे मला वर्षा-दीड वर्षाने समजलं. तोवर मिठागर बंद झालं होतं आणि मी एका नव्या उद्योगात पडलो होतो. सांगायला लाज वाटते, पण पेण-रोह्यात इंटरनेट मी आणलं असं मी पुढे बरीच वर्षं लग्नकार्यांत सांगत असे. खरी गोष्ट अशी की राहायला रोह्याजवळ वरशाला, क्लास पेणला, क्लासात तीन कॉम्प्युटर आणि त्यातला एक चालू, एवढ्या भांडवलावर मी एक वेबसाइट काढली होती. पेणचे गणपती, रोह्याची नदी, खाडी, देवळं, दर्गे, सगळ्यांचे फोटो. मराठी अक्षरं तेव्हा पडद्यावर धड उमटत नसत, म्हणून मजकूर कागदावर लिहून त्याचाही फोटो घालायचो. त्यामुळे आमचं पान उघडायला इतका वेळ लागे की मधल्या वेळात माणूस चहा पिऊन येई.

पैसे दोघांनी घातले होते. एक वामनराव, पेणचे गणपतीचे कारखानदार, ज्यांना मी अमेरिकेतून मूर्तींच्या ऑर्डरी येतील असं सांगितलं होतं. दुसरे रोह्याचे हुसेनभाई, तांदळाचे व्यापारी, ज्यांचा मुलगा सलीम मस्कतला नोकरीला होता. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. "पोरगा तिकडे बसून गाव बघंल ना? मग घे," एवढंच ते म्हणाले होते.

आणि उत्पन्न? ते जाहिरातीतून. मुंबईची एक कंपनी आमच्या पानाच्या डोक्यावर जाहिरातीची एक पट्टी लावत असे. ती पट्टी हजार वेळा दिसली की ठरलेले पैसे. वामनरावांना हे समजावायला मी त्यांच्या कारखान्यात गेलो.

"म्हणजे बघणाऱ्याने काय विकत घ्यायचं?"

"काही नाही."

"पट्टीवर बोट तरी लावायचं?"

"तेही नाही. नुसती डोळ्यांसमोर आली की झालं."

वामनराव रंगाचा ब्रश खाली ठेवून म्हणाले, "अरे, माझ्या कारखान्यासमोरून दिवसाला हजार माणसं जातात. मला कोण देतो?"

मी 'तो जुना जमाना झाला' असं काहीतरी म्हणालो. मला तेव्हा सगळंच जुना जमाना वाटत होतं.

पहिल्या महिन्याचा कमाईचा अहवाल मी फार हौसेने तयार केला. वर शीर्षक, खाली चौकट, सहीसाठी जागा. आमच्या पानावर मी एक आकडा लावला होता, पान उघडलं की तो एकाने पुढे सरके. त्याच्या हिशेबाने पट्टी एकोणीसशे वेळा दिसली होती. अहवालात मी तेवढ्याचे पैसे कमाई म्हणून लिहिले. मग कंपनीचा कागद आला. त्यांच्या मोजणीत बाराशे चाळीस. चेकही तेवढ्याचाच.

"कुणाचं खरं?" वामनरावांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो. "मोजण्याची पद्धत वेगळी."

वामनराव म्हणाले, "उद्या एका माणसाला पाठवतो."

दुसऱ्या दिवशी जिन्यावर 'लाभ, दोन, तीन' ऐकू आलं आणि सतरानंतर दारात चांगानाना उभे राहिले. हंगामात ते वामनरावांकडे मूर्ती गाडीत चढवताना मोजायला बसत. काखेत तीच छत्री. त्यांनी मला नखशिखांत बघितलं.

"तुमीच ना ते, कॅमेरावाले?"

मी खूश झालो. ओळख ठेवणारा माणूस कुणाला आवडत नाही?

नानांनी सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घातली आणि एक चिंचोका काढून टेबलावर ठेवला. वापरून गुळगुळीत झालेला. "ह्यो तुमच्या नावावर हाय," ते म्हणाले, आणि मग मला ती गोष्ट समजली.

मी हाक मारली तेव्हा नानांनी रेघ ओढली होती, पण चिंचोका द्यायचा राहिला. रांग पुढे सरकली. संध्याकाळी दोघी पुढे आल्या, रखमा आणि भागी, सख्ख्या जावा. दोघींचं म्हणणं, एक चिंचोका माझा. नानांच्या हातात चिंचोका एकच. रखमा बोलायला खमकी, तिने वाफे डोक्यावर घेतले. भागी एवढंच म्हणाली, "माझा हाय, पन ऱ्हाऊ दे." लोकांना वाटलं, जी 'ऱ्हाऊ दे' म्हणते ती खोटी. त्या दिवसापासून एका अंगणात दोन चुली झाल्या आणि जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

"दोघींना एकेक देऊन टाकायचा की," मी म्हणालो. तोडगे काढण्यात मी पटाईत.

"मंग मोजनी कशाला?" नाना म्हणाले. "दोगींना दिला, म्हंजे खोटीलाबी तेवडंच आनि खरीलाबी तेवडंच. खरीनं काय म्हनायचं?"

त्यांनी चिंचोका उचलून परत खिशात टाकला. गावात नानांच्या मोजणीची शपथ घालत. कुणाच्या वाटण्या असोत की नारळाचा सौदा, 'नानांनी मोजलंय' म्हटलं की भांडण मिटे. ह्या एका चिंचोक्याने त्यांचं ते नाव त्यांच्यापुरतं पुसलं होतं. लोक विसरले असते, पण नाना विसरायला तयार नव्हते.

तर अशा माणसाला मी आमचे दोन आकडे दाखवले. त्यांनी एका दमात निकाल लावला. "मोजनारे दोन आनि आकडे दोन? तिसरा बसवा. मी बसतो."

कागदपत्रावर त्यांची नेमणूक करायला हुसेनभाईंची सही हवी म्हणून आम्ही दोघं पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. निडी स्टेशनात गाडी थांबली, समोरून मालगाडी यायची होती. ती आली तशी नाना खिडकीशी सरसावले. "लाभ, दोन, तीन..." मी मध्येच विचारलं, "नाना, चहा घेणार?" त्यांनी मान न वळवता हाताचा पंजा माझ्या तोंडासमोर धरला. मालगाडी जाईपर्यंत तो पंजा तिथेच. शेवटचा डबा गेल्यावर म्हणाले, "एक्केचालीस. आनि मोजताना मानसाशी बोलायचं नाय. येकदा बोललो, तेवडं पुरे."

समोरच्या बाकावरचा एक माणूस म्हणाला, त्याच्या मते चाळीस. नाना शांतपणे म्हणाले, "तुमी गार्डाचा डबा धरला नाय. त्यात मानूस बसतो, त्याला सोडून कसं चालंल?" रोह्याला हुसेनभाईंनी सही करताना कागद वाचलासुद्धा नाही. "नाना मोजणार? मग हिसाब संपला," म्हणाले आणि आम्हांला जेवायला बसवलं.

नाना रोज दहाच्या एसटीने येऊ लागले. चालू कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून छत्री मांडीवर आडवी ठेवत. मी फोन जोडून द्यायचा. तो फोन लागताना जो कर्कश आवाज होई, तेवढा वेळ नाना डोळे मिटून बसत. मग त्यांना मी दाखवलेलं बटण दाबलं की पान उघडायला लागे. सगळ्यांत आधी वरची जाहिरातीची पट्टी येई, हलकी म्हणून. पट्टी दिसली की नाना वहीत रेघ ओढत आणि पुन्हा बटण दाबत. खालचा फोटो उतरेपर्यंत ते थांबत नसत, कारण फोनचे पैसे पडत होते आणि नाना दुसऱ्याचे पैसे वाया घालवणाऱ्यांतले नव्हते. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी, मग पुढचा पंचा. रोज दोनशे.

"डोल्यानं बघितल्याबिगर मोजायचं नाय," ते म्हणत. "पट्टी येते का नाय, हे कोनतरी बघाया नको?"

मला ते फारच पटलं. खरं सांगायचं तर काय चाललंय ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कॉम्प्युटर शिकवायचो, फी घ्यायचो, आणि माझ्या क्लासात, माझ्या खुर्चीत, माझ्या फोनवरून एक प्रामाणिक म्हातारा रोज दोनशे वेळा पान उघडतोय म्हणजे पट्टी रोज दोनशे वेळा जास्त दिसतेय, हे पहिलीच्या पोराला कळलं असतं. आकडे वाढले तसा मी दाढी वाढवली. पेणला मोठा माणूस होण्याची ती माझी कल्पना होती. बायको मात्र टेलिफोनचं बिल बघून म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." मी तिला गुंतवणूक आणि खर्च ह्यांतला फरक समजावला. ती भाजी निवडत राहिली.

दुसऱ्या महिन्याचा अहवाल डोळे दिपवणारा होता. सहा हजारांच्या वर. आणि आश्चर्य म्हणजे कंपनीचा आकडाही जवळपास तोच. नाना खूश. "बघा, तिसरा मोजनारा बसला की दोगं सुदरतात," ते म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात नाना तापाने आजारी पडले आणि चार दिवस आले नाहीत. त्या चार दिवसांचा आकडा मी पाहिला. नऊ. सात. अकरा. आठ.

मी खुर्चीत बसलो. आता मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचं पान बघायला जगातून रोज आठ-दहा माणसं येत होती आणि बाकीचे सगळे चांगानाना होते.

तेव्हाच उठून वामनरावांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. महिन्याचा अहवाल चार दिवसांवर होता, आकडा देखणा होता, आणि दाढी नुकती कुठे भरली होती. मी स्वतःला म्हणालो, मोजणी तर खरीच आहे, पट्टी खरंच दिसली, कुणाला दिसली हे अहवालात कुठे विचारलंय? नाना बरे होऊन आले तेव्हा मी त्यांना फोन जोडून दिला.

वामनरावांच्या कारखान्यात, अर्धवट रंगवलेल्या गणपतींच्या रांगेत, मी तिसरा अहवाल वाचून दाखवला. स्केचपेनने काढलेला चढता आलेखही आणला होता. खाली नानांनी सही केली, सावकाश, अक्षर न् अक्षर लावून. चां-गा. वामनराव त्या सहीकडे बघून म्हणाले, "आकडे तुझे असते तर दम धरला असता. पण नानांची सही हाय. अमेरिकेसाठी चाळीस मूर्ती जास्त करतो. शाडूच्या." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पोह्यांचा घास घातला.

पंधरा दिवसांनी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. मी ते नानांना मराठीत जरा मऊ करून सांगायचा प्रयत्न केला, पण ते मऊ होण्यातलं नव्हतं. पट्टी ज्यांनी बघितली त्यांतले जवळजवळ सगळे पेणच्या एकाच टेलिफोनवरून आलेले आहेत, सबब पैसे बंद.

पंखा फिरत होता, नाना त्याच्या पात्यांकडे बघत होते, आणि ती मोजता येत नव्हती.

"म्हंजे मी बघितलं, म्हनून वाढलं?"

"हो, नाना."

"मीठ बघितल्यानं वाढत नाय, मास्तर."

"हे वाढतं."

"मंग असल्या धंद्याला मोजनारा ठेवूच नये," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमाला कवा कललं?"

"आत्ताच. पत्रावरून."

नानांनी वही उघडली. रेघांच्या शेजारी ते आमच्या पानावरचा आकडाही रोज उतरून ठेवत, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तापाच्या आधीचा आकडा, ताप उतरल्यानंतरचा आकडा. मधले चार दिवस, वाढ पस्तीस. त्यांनी त्या पस्तिसावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. "ह्ये चार दिस तुमी हितंच होता," एवढंच म्हणाले. त्या बोटाकडे बघताना मला जी लाज वाटली तशी आयुष्यात पुन्हा वाटलेली नाही, आणि लाज वाटण्यासारखं मी पुढे कमी केलेलं नाही.

मग त्यांनी वजाबाकी केली. प्रत्येक रेघ तारखेनिशी होती, म्हणून खरा आकडा काढू शकणारा जगात तो एकच माणूस होता. कंपनीलाही ते जमलं नसतं. तीन महिन्यांतून नाना वजा केले, पहिल्या महिन्यातला माझाच हौसेने पान उघडून बघण्याचा उद्योग मला विचारून विचारून वजा केला, आणि उरले सहाशे बारा.

सभा पुन्हा कारखान्यातच भरली. हुसेनभाई रोह्याहून आले. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "मोजनी माजी, चूक माजी. मास्तरचा काय दोस नाय. खरा आकडा सहाशे बारा. माज्या सहीवर तुमी मूर्ती केल्या, त्या चालीस मूर्ती माज्या नावावर धरा."

मी काय केलं? मी चहा प्यायलो. कपात काही उरलं नव्हतं, तरी प्यायलो. 'मला ठाऊक होतं' हे तीन शब्द जिभेवर आले आणि कपात परत गेले.

वामनराव मूर्तींकडे बघत होते. हुसेनभाईंनी मात्र विचारलं, "नाना, माझा सलीम दर जुम्म्याला तिकडून बघतो. तो मोजलात ना?"

नानांनी वहीवरून बोट फिरवलं. "मोजला. शुक्रवारचा असतोच. लाभ म्हनून त्यालाच धरलाय."

"मग माझं वसूल," हुसेनभाई म्हणाले. "बाकीचा हिसाब तुम्ही बघा." मग त्यांनी माझ्याकडे बघून एक चहा जास्तीचा मागवला. त्यांना कळलं होतं असं मला अजून वाटतं.

वामनरावांनी नानांच्या नावावर काही धरलं नाही. चाळीसच्या चाळीस मूर्ती त्या वर्षी खपल्या. परदेशी गेल्या का, तर हो, नागोठण्याच्या पलीकडे गेल्या.

साइट बंद करायची ठरली. फोन कापायला संध्याकाळी माणूस येणार होता. त्या दिवशी दुपारी जिन्यावर 'लाभ, दोन' ऐकू आलं. सभेनंतर नाना दोन महिने फिरकले नव्हते.

"पट्टी हाय का अजून?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"काढली, नाना. आता पैसे नाहीत, जाहिरात नाही. कितीही वेळा बघा, काही वाढत नाही."

"मंग बघतो," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. वही आणली नव्हती. मी फोन जोडला, त्यांनी डोळे मिटले, मग बटण दाबलं. सवयीने हात पुन्हा बटणाकडे गेला आणि थांबला. आज घाई नव्हती. पानावरचा मोठा फोटो वरून खाली एकेक पट्टा उतरू लागला. आधी आभाळ.

"ह्ये मी रोज बघतो," नाना म्हणाले. "आभाल."

मग लांबचा डोंगर आला. मग मिठाचा ढीग, त्याचं टोक आधी. नाना पुढे वाकले. मग डोकी, पाट्या, एक छत्री. माझा फोटो होता तो, मिठागराचा. पहिल्या दिवसापासून तोच फोटो पानावर होता. नानांनी ते पान हजारो वेळा उघडलं होतं आणि फोटो त्यांच्यापर्यंत एकदाही उतरला नव्हता. मलाही कधी सुचलं नाही की त्यांना सांगावं. मी तर त्या फोटोत फक्त माझी कला बघत होतो.

पडद्यावर नाना आमच्याकडे बघत उभे होते, मी हाक मारली तेव्हा बघितलं तसे, जरा वैतागून. त्यांचा उजवा हात पुढे होता, चिमटीत काहीतरी धरलेलं. आणि त्यांच्यासमोर एक बाई. रिकामी पाटी कमरेवर, तळहात पसरलेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. नानांच्या चिमटीकडे बघत होती.

फोटो पूर्ण उतरला तरी नाना हलले नाहीत.

"भागी," ते म्हणाले. मग अगदी हलक्या आवाजात, पडद्याशीच बोलल्यासारखं, "तुजाच होता गो."

मी बाजूला उभा होतो. मला काय करावं सुचेना, म्हणून मी म्हणालो, "मग रखमा खोटं बोलली?"

"खोटं कशाला? चुकली असंल. मोजताना मानूस चुकतो," नाना म्हणाले. "मी नाय चुकलो?"

त्यांना तो फोटो कागदावर हवा होता. माझा प्रिंटर टिंबांचा, शाई फिकी. कागदावर भागीचा चेहरा नुसता धुरकट उमटला, पण पसरलेला तळहात स्पष्ट आला. नानांनी कागदाची घडी घातली, खिशातून चिंचोका काढून एकदा बघितला आणि तो घडीत ठेवला. पैसे विचारले. मी नको म्हणालो. ते 'बरं' म्हणाले आणि उठले. सभेबद्दल, त्या पस्तिसाबद्दल, माझ्या चहाबद्दल अवाक्षर नाही.

ते जिना उतरले. मी ऐकत होतो, उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत. मग मी गॅलरीत आलो. रस्त्यापलीकडे खाडीकडे जाणारी एसटी लागली होती. नाना उन्हात छत्री न उघडता चालले होते, एक हात सदऱ्याच्या खिशावर धरून. ते एसटीच्या दाराशी पोचले तेव्हा मला राहवलं नाही. कारखान्यात जे तीन शब्द गिळले होते ते आता भर रस्त्यात सांगावेसे वाटले.

"नाना!" मी ओरडलो. "ओ नाना, इकडे बघा!"

त्यांनी वळून बघितलं नाही. मान न वळवता एक हात तेवढा वर केला, पंजा माझ्याकडे, निडीला धरला होता तसा, आणि एसटीत चढले.